बाळासो थायलंडला गेलता

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. कबनूरात हंबीररावांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात बाळासो मालकापुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, आठ दीस सुट्टी पायजे."

हंबीररावांनी खाली मान घालूनच काहीतरी विचारलं. बाळासो तसाच उभा. मग मालकांच्या ध्यानात आलं, त्यांनी मान वर केली आणि तोंड मोठं करून तेच परत विचारलं, "कुटं मयत झालीया व्हय?"

"मयत न्हवं. थायलंडला जायाचंय."

पलीकडं मागाचा पट्टा बसवत असलेला सयाजी जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्री, हातातलं टाकून पुढं आला. "कुटं म्हनलास?"

"थायलंड. पोरगं न्हेतंय. समुद्राच्या कडंला. हवा खायाला."

"आन वैनी?"

"तीबी हाय की."

सयाजी हसून हसून खाली बसला. "आरं येड्या, तिकडं मालक लोक जात्यात. मशिनरीचं परदर्शन हाय म्हनून घरात सांगून जात्यात. बायकूला घिऊन कोन जातंय का? डबा बांधून खानावळीत जेवाय गेल्यागत झालं ह्ये."

हंबीररावांचे कान तांबडे झाले. त्यांनी सुट्टी लगेच दिली.

बाळासोनं सगळं बोलणं सयाजीच्या तोंडाकडं बघून घेतलं. ऐकायचं म्हटलं तर त्याला ऐकू येत नव्हतं. पस्तीस वर्षं मागावर काढली. एका पत्र्याच्या छपराखाली चोवीस माग, आडवं सूत नेणारा धोटा इकडनं तिकडं आपटतोय, बारा तास. पहिल्या दहा वर्षांत घंटी ऐकू येईनाशी झाली, पुढच्या दहात बायकोची हाक गेली, आणि मग त्यानं मोजायचं सोडलं. पोरानं कानात घालायचं मशीन आणून दिलं होतं. ते घातलं की सगळे चोवीस माग डोक्यात सुरू व्हायचे. बाळासोनं ते दोन दिवस घातलं आणि उतरंडीवर ठेवून दिलं.

पण त्याचं अडत नव्हतं. मागवाल्यांचं बोलणं ओठांचं असतं. कारखान्यात घसा फाडून ओरडलं तरी कुणाला कळत नाही, म्हणून तिथं आवाज कुणी वापरतच नाही. ओठ नीट हलवायचे, भुवया उडवायच्या, की चार माग ओलांडून बोलणं पोचतं. शिव्या तर सहा माग ओलांडून जातात. बायडाबाई त्याच कारखान्यात कांड्या भरायला होती. म्हणजे धोट्यात बसवायच्या बारक्या नळीवर सूत गुंडाळायचं काम. ती भिंतीकडंला, हा मधल्या ओळीत. नवराबायकोचा सगळा संसार त्या दोन ओळींच्या मधनं झाला. भाजीला काय आणायचं, पोराला पैसे किती धाडायचे, भावकीतलं कोण कसं वागलं, सगळं तिथंच. घरात चार माणसांत ती त्याला 'तुमी' म्हणायची. पण कारखान्यात ओठांवर 'तू' असायचा. एकदा हळकुंड आणायला विसरला म्हणून तिनं त्याला भिंतीकडनं असलं काय सुनावलं, की मधल्या ओळीतल्या पाच जणांनी माग बंद करून बघितलं. आवाज मात्र शून्य.

पोरगं तेवढं ह्या बोलण्याच्या बाहेर राहिलं. प्रसेनजीत हुशार निघाला. बायडाबाईनं त्याला तान्हा असतानाच शिरोळला माहेरी ठेवलं, तिथंच शाळा शिकवली, पुढं कोल्हापुरात वसतिगृह, मग इंजिनेर. बाबासाहेबांच्या फोटोपुढं पेढं ठेवून बाळासोनं सगळ्या वस्तीला वाटलं, ते साल अठ्ठ्याण्णव. दोन हजार तीनला पोरगं सिंगापूरला गेलं. निशा म्हणून मुलगी बघितली, तीही नोकरीवाली. मग आर्यन झाला. नातू दीड वर्षाचा होईस्तोवर आजोबानं फक्त फोटोत बघितला.

आणि आता पोरगं म्हणालं, "तुम्ही दोघांनी जन्मभर राबलंय. आठ दिवस नुसतं बसून खायचं. समुद्र बघायचा."

पासपोर्ट झाला. पोलीस घरी येऊन चहा पिऊन गेला. मग प्रसेनजीतनं सुट्टीवर येऊन दोघांना राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात नेलं. रक्त काढलं, छातीचे फोटो काढले. बाळासोचा फोटो डॉक्टरनं उजेडाला धरून बराच वेळ बघितला.

"प्रवासाला एवढं लागतंय व्हय रं?" बाळासोनं विचारलं.

"लागतं बाबा. बाहेरच्या देशाचे नियम असतात."

बाळासोनं मान हलवली. नियमापुढं त्यानं कधी डोकं चालवलं नव्हतं.

शेजारची चिमणाबाई, तीही जुनी कांडीवाली, निरोप द्यायला आली. तिनं बायडाबाईच्या पिशवीत ठेच्याची बरणी कोंबली आणि म्हणाली, "समुद्राकडं पाट करून बसू नगंसा. तिकडं पानी आत आलतं मागं."

थायलंडातलं, फुकेतचं हॉटेल बघून दोघांनी चपला बाहेर काढल्या. पोऱ्यानं त्या उचलून परत हातात दिल्या. खोलीतली गादी एवढी मऊ, की बाळासो पहिल्या रात्री खाली फरशीवर झोपला. सकाळी जेवणाच्या जागी तीस तऱ्हेचं खाणं मांडलेलं. बायडाबाईनं पाव घेतला, त्यावर चिमणाबाईचा ठेचा लावला आणि नवऱ्याकडं बघून ओठ हलवले, "लई सपक हाय रं ह्येंचं." शेजारच्या टेबलावरचा गोरा बघत होता. त्याला वाटलं असेल, म्हातारी देवाचं काहीतरी म्हणतेय.

दुसऱ्या दिवशी बायडाबाईनं चार लुगडी-धोतरं न्हाणीत धुऊन सज्जात वाळत घातली. हॉटेलवाला येऊन निशाला काहीतरी बोलून गेला. निशा हसत हसत म्हणाली, "आई, इथं कपडे द्यायचे असतात धुवायला. आपण काही करायचं नाही." बायडाबाईनं ओली लुगडी काढून मांडीवर घेतली आणि कुठं ठेवायची ते न कळून तशीच बसून राहिली. मग पोऱ्या ती घेऊन गेला. संध्याकाळी घडी घालून, वर एक फूल ठेवून परत आली. त्या फुलाकडं बायडाबाईनं लई वेळ बघितलं.

पोहायच्या हौदाशेजारी दगडी बुद्धाचं मुंडकं ठेवलं होतं. नुसतं मुंडकं. त्याच्या डोक्यावरनं पाण्याची धार पडत होती आणि खाली पोरं डुंबत होती. बाळासोनं हात जोडले आणि जोडता जोडता त्याला राग आला.

"प्रसेनजीत, धड कुटं हाय ह्येचं?"

"बाबा, डेकोरेशन आहे ते."

"आपल्या बाबासाहेबांचं मुंडकं कुनी असं ठिवलं तर चालंल का?"

"हळू बोला. सगळे बघतायत."

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. 

तिसऱ्या दिवशी पहाटे तो एकटाच बाहेर पडला. मागावरच्या माणसाला पाचला जाग येते, त्याला सुट्टी काय करणार. रस्त्याच्या वळणावर एक विहार दिसला, बारका, कौलांचा. आत पाच-सहा बायका गुडघ्यावर बसल्या होत्या आणि एक म्हातारे भंते काहीतरी म्हणत होते. बाळासो खांबाला टेकून बसला. भंत्यांचे ओठ बघत राहिला. घर सोडल्यापासनं त्याला परक्या कुणाच्याच ओठांवरचं काही कळलं नव्हतं, विमानातली पोरगी, हॉटेलवाला, गोरा, सगळे नुसते मासे तोंड उघडतात तसे. आणि ह्या म्हाताऱ्याच्या ओठांवर त्याला सरळ दिसलं, बुद्धं सरणं गच्छामि. मग धम्मं. मग संघं. मग परत दुतियम्पि. कबनूरात बुधवारी म्हणतात तेच.

त्यानंही म्हटलं. खड्या आवाजात. बायका दचकून मागं वळल्या. भंते थांबले, हसले आणि त्याच्याकडं तोंड करून पुढचं म्हणाले, हळूहळू, त्याला दिसावं असं. संपल्यावर एका बाईनं त्याला भाताचा द्रोण दिला.

परत येऊन त्यानं बायडाबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तितंच ऱ्हावा की भंते हून." आणि दोघं हसली. ती दोघं इतकी हसलेली प्रसेनजीतनं बघितली आणि निशाला म्हणाला, बघ, आणलं ते बरं झालं.

चौथ्या दिवशी दुपारी ते झालं.

वाळूत छत्रीखाली दोन लांब खुर्च्या होत्या. एकीवर बाळासो, दुसरीच्या खाली वाळूतच बायडाबाई. आर्यन तिच्या पायांवर वाळू लोटत होता आणि ती पाय हलवून ती पाडत होती, तो परत लोटत होता. प्रसेनजीत आणि निशा गुडघाभर पाण्यात उभी होती, पोराकडं लक्ष ठेवत, तोंडं किनाऱ्याकडं करून. मधलं अंतर कारखान्यात मधल्या ओळीपासून भिंतीपर्यंत असतं तेवढंच. लाटांचा आवाज मोठा असणार, कारण दोघं मोकळेपणानं बोलत होती.

बाळासोला काही चोरून बघायचं नव्हतं. डोळे समोर होते, ओठ समोर होते. जन्मभराची सवय.

निशा म्हणाली, "आज सांगून टाक."

"जेवताना सांगतो."

"बाबांचं काय?"

"सिंगापूरच्या तपासणीत त्यांचा एक्स-रे पासच होत नाही. आणि झाला असता तरी घरात जागा कुठाय?" मधले चार शब्द इंग्रजी होते, ते गेले. मग, "आईला सहा महिने म्हणून सांगू. एकदा आली की आर्यन शाळेत जाईस्तोवर राहील. दोन-तीन वर्षं."

"आणि बाबा रुसले तर?"

प्रसेनजीतनं ओंजळीनं पाणी उडवलं. "म्हणून तर इथं आणलंय ना."

बाळासोनं मान वळवली. बायडाबाईचे पाय वाळूत थांबले होते. ती पाण्याकडंच बघत होती. आर्यन वाळू लोटत होता आणि ती पाडत नव्हती.

मग तिनं त्याच्याकडं बघितलं. दोघांनी आवाज काढला नाही.

"बगितलंस?"

"बगितलं."

"जातीस?"

तिनं आर्यनच्या हातांवरची वाळू झटकली. मग म्हणाली, "जातो."

बाळासोला वाटलं, उन्हामुळं चुकीचं दिसलं. "काय म्हनलीस?"

"जातो म्हनलं. तीस वर्सं कांड्या भरल्या. पानी भर, सैपाक कर, डबं बांद. हितं चार दीस झालं, कुनीतरी माज्याफुडं ताट आनून ठिवतंय. लुगडं धुऊन वर फूल ठिवतंय. मला ग्वाड लागलं बग."

"तितं ताट कोन ठिवनार हाय तुज्याफुडं? पोर सांबाळाय न्हेत्यात तुला."

"म्हाईत हाय. काय दुधखुळी हाय व्हय मी?" तिनं आर्यनला मांडीवर ओढलं. "प्रसेनजीत एवडा हुता तवा मी भितीकडंला हुतो. दात कवा आलं, चालाय कवा लागला, सगळं आईनं सांगितलं मला. ह्यो तरी बगू दे."

 ती खरं बोलत होती. 

"आन मी?"

"तू ऱ्हाशील," ती म्हणाली. 'तू कसा ऱ्हाशील' असं त्यात नव्हतं. पाऊस पडंल म्हणावं तसं.

रात्री जेवताना प्रसेनजीतनं घसा साफ केला. त्याला कष्ट नकोत म्हणून बाळासोच म्हणाला, "सांग की. एक्स-रे पास न्हाय माजा."

पोराचा चमचा हातात राहिला. "कुणी सांगितलं?"

"तूच की. पान्यात हुबा ऱ्हाऊन."

निशानं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग समुद्राकडं, आणि तिच्या डोक्यात उजेड पडला तसा तिनं हात तोंडावर धरला. प्रसेनजीतला उशिरा कळलं. मागवाल्यांचं पोर, आणि आईबाप ओठ वाचतात हेच विसरलं होतं.

"बाबा, तसं नाही. सहा महिनेच."

"व्हय. मग मलाबी न्हे की सा म्हैनं. व्हरांड्यात पडतो."

"तिथं व्हरांडा नसतो बाबा. चौदाव्या मजल्यावर घर आहे."

"मग दारात."

"बाबा."

बायडाबाई ताटात बघून जेवत होती. तिनं मान वर केली असती तर बाळासोला तिचं काहीतरी दिसलं असतं. तिनं केली नाही.

अजून चार दिवस राहिले होते. सगळं आधीच ठरवून भरलेलं, त्यामुळं कुणाला उठून जाता येईना. सकाळी खाणं, दुपारी खुर्ची, संध्याकाळी नारळपाणी. होडीतनं एका बेटावर नेलं, तिथं फोटो काढला. फोटोत सगळे पाण्यात उभे आहेत आणि बाळासोच्या डोक्यावर कुणीतरी गवताची टोपी घातली आहे. निशा त्याचं लई करायला लागली, गळ्याला मफलर, पायाला तेल. प्रसेनजीत खुर्ची सावलीत ओढून द्यायचा आणि विचारायचा, "बरं वाटतंय ना?" बाळासो 'व्हय' म्हणायचा. समुद्र पुढं येत होता आणि मागं जात होता. बाळासोला त्यात काही काम दिसेना.

बँकॉकच्या विमानतळावर वाटा फुटल्या. साताऱ्याचं एक कुटुंब मुंबईला चाललं होतं, त्यांच्या हवाली प्रसेनजीतनं बापाला केलं. "ऐकू येत नाही त्यांना, तेवढं सांभाळा पावणं." काचेच्या पलीकडं बाळासो, अलीकडं बायडाबाई. साताऱ्याची बाई डोळ्याला पदर लावायच्या तयारीत उभी होती. पण काचेआडनं बायडाबाई सांगत होती, कुकरचं रबर फाटलंय, नवं आन. तूरडाळ फळीवर डालड्याच्या डब्यात. तुजा पांढरा सदरा चिमणाबाईकडं इस्तरीला हाय. गॅस बंद करून झोपत जा. त्या काचेतनं माणसाचा आवाज जात नव्हता, तिचं एक अक्षर चुकलं नाही. बाळासो 'व्हय, व्हय' करत मागं मागं सरत गेला. त्यांचं धड बोलणं ते शेवटचं.

कारखान्यात सयाजीनं विचारलं, "काय बाळासो, कसं काय थायलंड? वैनीला तितंच इकून आलास व्हय?" चोवीस मागांवरचं कुणी हसलं नाही, तवा तोही आपल्या पट्ट्याकडं वळला.

प्रसेनजीतनं मोबाईल घेऊन दिला होता. तो वाजलेला बाळासोला कळायचा नाही आणि उचलला तरी उपयोग नव्हता. दोघांनाही लिहिता येत नव्हतं. मग फोन चिमणाबाईच्या घरात ठेवला. रविवारी दुपारी तो तिच्यापुढं जाऊन बसायचा. ती फोन कानाला लावायची, दहा-दहा मिनिटं ऐकायची. तिचा चेहरा हलायचा, कधी डोळे पुसायची, कधी "आगं बाई" म्हणायची. मग फोन ठेवून बाळासोकडं तोंड करून ओठ हलवायची.

"बरी हाय म्हनती."

"एवडंच?"

"जेवलासा का म्हनती."

"मग एवडा येळ काय बोलत हुती?"

"बायकांचं बोलनं," चिमणाबाई म्हणायची आणि उठून चुलीकडं जायची.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. वर्षाची अडीच वर्षं. भाकरी त्याला कधीच जमली नाही, भात शिजवायला शिकला. मधल्या ओळीतनं भिंतीकडं बघायची खोड मात्र जाईना. तिथं आता तानाबाई म्हणून नवी पोरगी कांड्या भरत होती. एकदोनदा तिला वाटलं म्हातारा टक लावतोय. तिनं सयाजीला सांगितलं आणि सयाजीनं बाळासोचे माग बदलून त्याला दाराकडंला टाकलं.

दोन हजार दहाच्या मे महिन्यात बायडाबाई आली. आठ दिवसांसाठी, आर्यनला घेऊन. अंगानं भरलेली, उजळलेली. बाळासोनं नवा सदरा घातला होता. दारातनंच ती बोलायला लागली आणि बाळासो तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

त्याला काही दिसेना.

"काय?"

ती परत बोलली. ओठ तिचेच, पण कसे तरी पुढं आलेले, ताठ. मधनं पांढरं पांढरं चमकत होतं. मग त्याच्या लक्षात आलं. तिचे सगळे दात नवे होते. मिश्रीनं काळे पडलेले, हललेले, ते जुने दात पोरानं चांगल्या डॉक्टरकडं काढून घेऊन नवी कवळी बसवली होती. पोरानं आईचं चांगलंच केलं होतं. आणि बाळासो तीस वर्षं जे तोंड वाचत आला ते तोंडच तिथं नव्हतं.

"सावकास बोल," तो म्हणाला.

ती सावकाश बोलली. त्याला 'आर्यन' तेवढं दिसलं.

रात्री आर्यन झोपल्यावर तिनं दात काढून पेल्यात ठेवले आणि त्याच्यापुढं बसली. दिव्याकडं तोंड करून ओठ हलवायला लागली. पण दातांशिवाय ओठ आत गेले होते, म्हातारीच्या बटव्यासारखे. चौदाव्या मजल्यावर आवाजानंच बोलायची सवय लागून ते हलायलाही विसरले होते. चार-पाच वाक्यं ती बोलली. मधेच तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार.

"व्हय," बाळासो म्हणाला.

तिचे ओठ थांबले. मग परत हलले, थोडकेच, आणि तिनं भुवई उडवली. भुवई त्याला कळली. 'काय म्हनलो मी, सांग' असं ते होतं.

त्याला सांगता आलं नाही.

ती उठली. मग दात पेल्यातनं काढून झटकले, तोंडात बसवले, पदर नीट केला आणि बाहेर गेली. चिमणाबाईला उठवून घेऊन आली. चिमणाबाई पेंगत दोघांच्या मधे बसली. बायडाबाई तिच्या कानाशी बोलली, लई वेळ बोलली. चिमणाबाई ऐकत होती आणि मधेमधे बाळासोकडं बघत होती. मग तिनं तोंड त्याच्याकडं वळवलं.

"सोमवारी निगायचं हाय म्हनती."